एका संगणकाचीं तीन आसनें



खेड्यांतील एखाद्या शाळेच्या संगणकाच्या खोलींत तासाच्या वेळीं सहज डोकावून पाहावें. यंत्रें चार आणि वर्गांत मुलें चाळीस असलीं, तर प्रत्येक यंत्राभोंवतीं दहा डोकीं दिसतात. त्यांतल्या एकाच्या हातांत माऊस असतो. दोघे त्याच्या दोन्ही खांद्यांवरून सूचना करीत असतात. बाकीचीं मुलें पडदा दिसेल तेवढा पाहतात, आणि दिसेनासा झाला म्हणजे भिंतीवरचा नकाशा पाहतात. माऊस कोणाच्या हातीं जावयाचा हेंही जणूं ठरलेलेंच असतें. जो दांडगा असेल, किंवा ज्याच्या घरीं असें यंत्र असेल, त्याच्या हातीं तो जातो. मुली बहुधा मागच्या रांगेंत उभ्या. तास संपतो, दप्तरीं चाळीस जणांचा तास झाल्याची नोंद होते, आणि प्रत्यक्षांत तो चौघांचाच झालेला असतो.

वर्गांत जीं वर्षें काढलीं त्यांत एवढें मला पक्कें कळलें आहे कीं, पोहणें, लिहिणें आणि यंत्र चालविणें या गोष्टी दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहून येत नाहींत. पाहणाऱ्याला आपल्याला येतें असें वाटतें, आणि हातीं पाटी दिली म्हणजे बोटें अडतात. म्हणून आज मला जें सांगावयाचें आहे तें हें कीं, त्याच चार यंत्रांवर, पांचवें यंत्र विकत न घेतां, एका वेळीं बारा मुलें बसवितां येतात. प्रत्येकाला स्वतःचा पडदा, स्वतःचा कीबोर्ड, स्वतःचा माऊस आणि स्वतःच्या नांवाचें खातें. यंत्राचा सारा कारभार पाहणारी लिनक्स नांवाची जी प्रणाली फुकट मिळते, तिच्यांत ही सोय आधींपासून केलेली आहे. ती वापरावयाची तेवढी राहिली आहे.

एका यंत्रानें तिघांचें काम कसें व्हावें, असा प्रश्न येथें कोणी विचारील. उत्तर असें कीं, एकाचें काम करीत असतां तें यंत्र बहुतेक वेळ रिकामेंच असतें. मूल एक अक्षर दाबतें आणि दुसरें कोठें आहे तें शोधूं लागतें. तेवढ्या अवधींत यंत्रानें कोट्यवधि हिशेब केले असते. पण त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें, म्हणून तें वाट पाहत राहतें. साताऱ्याजवळ लिंब गांवीं शाहूमहाराजांच्या काळांत बांधलेली बारा मोटांची विहीर आपल्यांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. विहीर एकच, पाण्याचा झराही एकच. परंतु कांठावर मोट ओढण्याच्या जागा अनेक. अशा विहिरीवर एकच मोट चालवावयाची असें कोणीं ठरविलें असतें, तर पाणी होतें तेवढेंच राहिलें असतें आणि मळे मात्र कोरडे पडले असते. आपल्या शाळांतील संगणकाची विहीर अशी एकमोटी राहिली आहे.

ही कल्पना नवी नाहीं. उलट एका माणसास एक यंत्र हीच कल्पना मागाहूनची आहे. संगणक खोलीएवढे मोठे होते आणि त्यांची किंमत एखाद्या संस्थेसच परवडे, त्या काळीं, १९६१ सालीं, अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विद्यापीठांत फर्नांदो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनीं एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वांटून देण्याची रीत प्रत्यक्ष चालवून दाखविली. एक क्षण याचा, दुसरा क्षण त्याचा. आणि हें फिरणें इतकें झपाट्याचें कीं प्रत्येकास वाटावें, यंत्र माझ्याच सेवेंत आहे. पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स ही प्रणाली उभी करण्यास आरंभ केला. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या एका विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर जो गाभा लिहिला, तोच लिनक्स. तेव्हां एका यंत्रावर अनेक माणसें नांदणार, त्यांचे कागद वेगळे ठेवावे लागणार, एकानें दुसऱ्याच्या कामांत हात घालूं नये याची व्यवस्था लागणार, हा विचार या घराण्याच्या रक्तांतच आहे.

आणि हें केवळ ग्रंथांतलें बोलणें नव्हे. ब्राझील देशाच्या दक्षिण भागांत पराना नांवाचें राज्य आहे. तेथील केंद्रीय विद्यापीठाच्या संगणक विभागानें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारी शाळांसाठीं एका पेटीस चार आसनें जोडण्याची योजना तयार केली, आणि सुमारें दोन हजार शाळांतून ती अमलांत आली. पुढें २००९ सालीं ब्राझीलच्या केंद्र सरकारच्या शाळा-योजनेसाठीं याच पद्धतीचीं तीन लाखांहून अधिक आसनें पुरविण्याची घोषणा झाली. त्यांतही लिनक्सच होतें. पैसा मुबलक होता म्हणून त्यांनीं हा मार्ग धरिला असें नव्हे. तो पुरत नव्हता म्हणून धरिला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेंही शाळांसाठीं मल्टिपॉइंट नांवाची अशीच प्रणाली २०१० सालीं काढली होती, परंतु विंडोज सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तींतून ती सोय काढून टाकण्यांत आली. लिनक्समधील सोय काढून टाकणारा असा एक मालक नाहीं, ही गोष्ट शाळेच्या दृष्टीनें लहान नव्हे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आमच्या गांवच्या वाचनालयांत एका कचेरीनें मोडीत काढलेला उभ्या पेटीचा संगणक आहे, त्याला अशीं तीन आसनें जोडलेलीं आहेत. मी जें सांगत आहें तें त्याच्यावरूनच.

प्रत्येक आसनास मुख्यतः एका वस्तूची गरज असते, ती म्हणजे चित्र पडद्यावर पाठविणारें ग्राफिक्स कार्ड. पुष्कळांची येथें समजूत अशी होते कीं, एकाच कार्डास दोन मॉनिटर जोडतां येतात, तर दोन माणसेंही बसवितां येतील. तसें होत नाहीं. एका कार्डाचीं दोन भोंकें म्हणजे एकाच माणसाचे दोन पडदे. आसन कार्डावरून ठरतें. बहुतेक यंत्रांत एक चित्र-व्यवस्था मूळचीच असते; तिच्या जोडीस दोन साधीं, कमी वीज खाणारीं जुनीं कार्डें बसविलीं कीं तीन आसनें झालीं. पेटी उघडून तीं बसण्यास जागा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. अगदीं लहान पेट्यांत ती नसते. दोन्ही कार्डें शक्यतों एकाच घराण्याचीं घ्यावीं आणि ज्यांचा चालक लिनक्सच्या गाभ्यांतच आहे अशीं घ्यावीं, ए.एम्.डी. कंपनीचीं कार्डें या दृष्टीनें निर्वेध चालतात. आणखी एक अडचण हमखास येते. नवें कार्ड बसवितांच कित्येक यंत्रें आपली मूळची चित्र-व्यवस्था आपण होऊन बंद करतात, आणि तिसरा पडदा काळाच राहतो. माणूस कार्डास दोष देतो. वस्तुतः यंत्र सुरू होतांना बायॉसची जी पाटी उघडतां येते, तींत मूळची व्यवस्था चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडला म्हणजे काम झालें.

दुसरी वस्तु म्हणजे यू.एस्.बी.चा हब. प्रत्येक आसनास एक हब द्यावा आणि त्या आसनाचा कीबोर्ड, माऊस, कानास लावावयाच्या हेडफोनचें लहानसें ध्वनि-कार्ड हें सर्व त्या हबांतच लावावें. हब म्हणजे त्या आसनाचें टेबल असें समजावें. याचें कारण पुढें कळेल.

हें सर्व जोडून यंत्र सुरू केलें कीं आरंभीं मोठी गंमत होते. तीन कीबोर्ड आणि तीन माऊस एकाच पडद्यावर येऊन पडतात. एकजण बाण डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे. एक 'क' लिहितो, त्याच्या पुढें दुसऱ्याचा 'म' येऊन बसतो. दोष कोणाचाच नाहीं. कोणती वस्तु कोणाची हें यंत्रास अजून कोणी सांगितलेलें नसतें, म्हणून सर्व कांहीं पहिल्या आसनाचें असें तें धरून चालतें. लिनक्सच्या भाषेंत त्या पहिल्या आसनाचें नांव 'सीट-झिरो', म्हणजे शून्य क्रमांकाचें आसन.

पूर्वीं ही वांटणी करण्यासाठीं लांबलचक फाईल हातानें लिहावी लागे आणि तींत एक आंकडा चुकला तरी सारेच पडदे काळे होत. २०१२ सालीं फेडोरा १७ निघाली, तेव्हांपासून हें काम पुष्कळ सोपें झालें. सिस्टिम-डी नांवाच्या व्यवस्थापकाचा लॉगिन-डी हा भाग आतां आसनांचा हिशेब ठेवतो. आपण तंत्रज्ञ नसलों तरी तीन आज्ञा पुरतात, आणि तिन्ही 'लॉगिन-सी-टी-एल' या एकाच नांवानें सुरू होतात. पहिली आज्ञा आसनांची यादी विचारते. दुसरी शून्य आसनाची स्थिति विचारते. तिच्या उत्तरांत यंत्राला जोडलेली प्रत्येक वस्तु, तिच्या पूर्ण पत्त्यासह, वंशावळीसारखी शाखा-उपशाखांनीं समोर येते. कार्ड कोणतें, हब कोणता, हें त्या वंशावळींत शोधून त्यांचे पत्ते कागदावर उतरून घ्यावे. तिसरी आज्ञा 'अटॅच', म्हणजे जोडा: अमुक पत्त्याची वस्तु अमुक आसनास जोडा. एक कार्ड आणि एक हब 'सीट-वन'ला, दुसरें कार्ड आणि दुसरा हब 'सीट-टू'ला. हब जोडला कीं त्याच्या पोटांतलें सर्व त्या आसनाचें होतें, उद्यां नवा कीबोर्ड लावला तरी तोही. म्हणूनच मघाशीं हबाचा आग्रह धरिला. वांटणी फिसकटली तर 'फ्लश-डिव्हाइसेस' ही आज्ञा द्यावी, म्हणजे जोडलेलें सर्व सुटून पुन्हा शून्यापासून आरंभ करतां येतो. यंत्राचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं.

आसनें वांटून झालीं म्हणजे प्रत्येक पडद्यावर नांव आणि पासवर्ड विचारणारी पाटी दिसली पाहिजे. ती दाखविणाऱ्या प्रोग्रॅमास अनेक आसनें समजावीं लागतात. लाइट-डी-एम् या प्रोग्रॅमास तीं समजतात. डेबियन लिनक्स एक्सएफसीई या हलक्या मांडणीसह बसविली तर तो तिच्याबरोबरच येतो, आणि जुन्या यंत्रावर मुलांसाठीं हलकी मांडणीच बरी. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलें कीं तिन्ही पाट्या एकामागून एक उजळतात.

केलेली वांटणी यंत्र कायमची लिहून ठेवतें, परंतु ती भोंकावरून ओळखतें. हबाची तार काढून शेजारच्या भोंकांत घातली, तर यंत्राच्या दृष्टीनें तो नवा हब होतो आणि पुन्हा शून्य आसनाकडे जातो. झाडलोट करणाऱ्या माणसानें सद्भावनेनें तारा काढून, पुसून, पुन्हा लावल्या कीं दुसरे दिवशीं शाळेंत बोभाटा: संगणक बिघडला. यावर उपाय दोन पैशांचा आहे. भोंकाजवळ, तारेवर आणि टेबलावर एकाच रंगाचा ठिपका द्यावा. लाल तार लाल ठिपक्यावर, हिरवी हिरव्यावर. आमच्याकडे तैलरंगाचे ठिपके आहेत. कागदाच्या पट्ट्या मुलें सोलून काढतात.

आतां माझ्या मतें जो या सर्व उठाठेवीचा गाभा आहे, त्याविषयीं थोडें विस्तारानें बोलतों. बहुतेक शाळांतून सर्व मुलांचें मिळून एकच खातें असतें, त्याचें नांव 'स्टुडंट' आणि पासवर्ड फळ्यावर लिहिलेला. त्या खात्यांत आज एकानें काढलेलें चित्र उद्यां दुसरा पुसून टाकतो. कोणीं पुसलें हें कळत नाहीं, आणि कोणाचें होतें हेंही कळत नाहीं. तीन आसनें करूनही खातें एकच ठेवलें, तर अर्धें काम वायां गेलें. प्रत्येक मुलाचें, प्रत्येक मुलीचें, स्वतःच्या नांवाचें खातें करावें. चाळीस खातीं करण्यास एक दुपार पुरते. मग कोणीही कोणत्याही आसनावर बसो, आपलें नांव घातलें कीं त्याला त्याचें दप्तर मिळतें: त्याचें चित्र, त्याचा निबंध, त्यानें निवडलेली मराठी इन्स्क्रिप्टची मांडणी. वहीवर नांव घालावयास मिळालें म्हणजे मूल ती वही जपतें, हें ज्यांनीं प्राथमिक शाळेंत एक वर्ष जरी काढलें असेल त्यांना सांगावयास नको. वाचनालयांत येणारी सातवींतली एक मुलगी रोज आपल्या आजीच्या तोंडच्या ओव्या चार-चार ओळींनीं उतरून ठेवते. सामाईक खात्यांत ती हें करावयास धजली नसती.

परंतु दप्तर वेगळें असलें तरी तें उघडें नसावें. लिनक्सच्या सर्वच वाटपांत ही काळजी आरंभापासून सारखी घेतलेली नव्हती. उबंटूमध्यें २०२१ च्या पूर्वींच्या आवृत्तींत एकाचें घर दुसऱ्यास वाचतां येई, २१.०४ या आवृत्तीपासून तें नव्या खात्यांस बंद झालें. जुनें यंत्र असेल तर प्रत्येक घराचा दरवाजा, म्हणजे त्या फोल्डरची परवानगी, स्वतः तपासून पाहावी. पेन-ड्राइव्हची व्यवस्था मात्र मला फार आवडली. लाल हबांत घातलेला पेन-ड्राइव्ह लाल आसनावर बसलेल्यासच सहज उघडतो. हिरव्यावरून कोणी तो उघडूं लागला तर यंत्र व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतें. शेजाऱ्याच्या डब्यांत हात घालण्यास बंदी, आणि तीहि न ओरडतां.

आतां अडचणी. त्या लपविणें बरें नव्हे. एक विहीर, तेव्हां ती आटली कीं सगळ्या मोटा थांबल्या. यंत्र बंद पडलें कीं तिघेही एकदम बसून राहतात, वीज गेली कीं तिघांचेंही न जपून ठेवलेलें काम जातें. एका यंत्रास एक यू.पी.एस्. घेणें तीन यंत्रांस तीन घेण्यापेक्षां स्वस्त, एवढेंच समाधान; पण तो घ्यावाच. मेमरी, म्हणजे यंत्राची चालू कामाची जागा, हिची टंचाई सर्वांत आधीं जाणवते, कारण इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर भस्मासुरासारखा वाढतो. दर आसनास चार जी.बी. हा माझा अजमास. तीन आसनांच्या यंत्रांत सोळा असली म्हणजे सुखानें चालतें. एका खात्यानें सगळी मेमरी गिळूं नये यासाठीं सिस्टिम-डीमध्यें प्रत्येक वापरणाऱ्यास कमाल मर्यादा घालून देतां येते. ही मर्यादा जरूर घालावी. एकाच्या चित्रपटापायीं दुसरीचा निबंध अडून राहूं नये.

यंत्र बंद करण्याचाही प्रश्न आहे. आपलें झालें कीं बटण दाबून यंत्र बंद करावें अशी मुलांस संवय असते. लिनक्स येथें सावध आहे: इतर कोणी खात्यांत शिरलेलें असतां एकानें मेनूंतून यंत्र बंद करूं म्हटलें, तर तें व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतें. परंतु पेटीवरचें बटण कांहीं सेकंद दाबून धरलें तर पुढें कोणाचा इलाज चालत नाहीं. म्हणून पेटी टेबलाखालीं जाळीच्या कपाटांत ठेवावी. हवा खेळती राहते आणि हात पोंचत नाहीं. मुलांना 'शट डाउन' नव्हे, 'लॉग आउट' शिकवावें.

हें सर्वांनीं सर्वत्र करावें असें माझें म्हणणें नाहीं. ज्या घरांत एकच माणूस बसणार तेथें या खटाटोपाचें कारण नाहीं. अलीकडे तळहाताएवढे स्वस्त संगणक निघाले आहेत. नवीन खरेदीच करावयाची आणि पैसा हातीं असेल, तर प्रत्येक मुलापुढें तसा एक ठेवणें अधिक सुटसुटीत, कारण एक बिघडला तर बाकीचे चालतात. अनेकांनीं एकदम चित्रपटांचें संपादन करावें अशा जड कामालाही सामाईक यंत्र उपयोगी नाहीं. पण ज्या शाळेंत किंवा वाचनालयांत बऱ्या शक्तीचें एक जुनें यंत्र धूळ खात पडलें आहे, दोन-तीन जुने मॉनिटर माळ्यावर आहेत, आणि मुलें रांगेंत उभीं आहेत, तेथें दोन कार्डें, दोन हब आणि एक रविवार एवढ्यांत रांग तिपटीनें आंखूड होते. विजेचा खर्चही तीन पेट्यांचा होत नाहीं, एका पेटीचा आणि तीन पडद्यांचा होतो. बिल भरण्यासाठीं दारोदार वर्गणी मागावी लागणाऱ्या संस्थेस हा फरक कळतो.

एक गोष्ट राहिली. व्यवस्थापकाचा पासवर्ड एकाच माणसास ठाऊक नसावा. उत्साही तरुण शिक्षक हें सर्व मन लावून उभें करतो, त्याची बदली होते, आणि त्याच्याबरोबर पासवर्डही जातो. मग कार्ड जळो कीं हब बदलो, कोणास कांहीं करतां येत नाहीं, आणि चालतें यंत्र पुन्हा धूळ खाऊं लागतें. म्हणून तो पासवर्ड, तिन्ही आसनांचे कागदावर उतरलेले पत्ते आणि ठिपक्यांच्या रंगांची यादी एका पाकिटांत घालून, वर तारीख टाकून, मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रंथपालांच्या कपाटांत ठेवावें. पासवर्ड बदलला कीं त्याच दिवशीं पाकीटही बदलावें, आणि वर्षांतून एकदां, जूनमध्यें शाळा उघडतांना, दुसऱ्याच एखाद्या शिक्षकाकडून तें उघडवून त्यावरून एक आसन सोडवावें आणि पुन्हा जोडून घ्यावें.